गोळीच्या खाली जाऊन उभं राहायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की मुलाने तुमच्या मोबाईलवर अर्कनॉइड व्हर्सेस स्पेस इन्व्हेडर्स हा गेम टाकून दिला, तो स्वतः सत्तराव्या लेव्हलच्या पुढे गेला आणि तुम्ही विसाव्याच्या आसपास अडकून बसलात, तेही लहानपणी भावाच्या मागे मागे व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये जाऊन दोन्ही मूळ गेम खेळलेल्या असताना. वरून मिस्टर म्हणतात, दोन जुने गेम एकत्र केले म्हणजे खिचडीच झाली ना, त्यात शिकायचं काय. शिवाय अंगठ्याने खेळू की बोटाने, आणि मुलाला मूळ गेम दाखवावेत का, हे दोन जोडप्रश्न. सगळ्यांचं उत्तर देतो पण लांबण लागेल, आधीच सांगून ठेवतो, हा माझा आवडता विषय आहे आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं.

माझी ओळख म्हणजे जेलरोडला मोबाईल रिपेअरिंगचं छोटंसं दुकान. त्याआधी १९८९ पासून साधारण दहा वर्षं मी इंदौरात व्हिडिओ गेमच्या मशिनी दुरुस्त करायचो, म्हणजे पार्लरवाल्याचा फोन आला की सायकलला सोल्डरिंग आयर्न लटकवून निघायचं. मशीन दुरुस्त झालं की टेस्टिंग करायलाच लागायचं, आणि माझं टेस्टिंग जरा जास्तच वेळ चालायचं असं मालक लोक म्हणायचे. तर ह्या दोन्ही गेमच्या पोटात हात घालून झालेला माणूस आहे मी, आणि हा मोबाईलवाला १५० लेव्हलचा गेमही पुरा खेळून झालाय, काही लेव्हलला अक्षरशः दात ओठ खाऊन.

आता तुमची चूक. तुम्ही लिहिलंय "गोळ्या चुकवता चुकवता वेळ संपतो". बस, इथेच सगळं आलं. अहो ह्या गेममध्ये गोळी चुकवायचीच नाहीये. स्पेस इन्व्हेडर्समध्ये वरून गोळी आली की पळायचं, तोफ बाजूला घ्यायची, ढालीच्या आड लपायचं, ही सवय तुमच्या हाताला बारा वर्षांच्या असताना लागली ती अजून गेली नाही. अर्कनॉइडमध्ये उलटं, बॉल जिथे पडणार तिथे पळत जायचं. म्हणजे एका गेममध्ये वरून येणाऱ्या वस्तूपासून लांब जायचं आणि दुसऱ्यात तिच्या खाली जाऊन उभं राहायचं. ह्या मिसळीत बनवणाऱ्यांनी काय केलं, तर शत्रू आणले स्पेस इन्व्हेडर्सचे आणि तुमच्या हातात दिली अर्कनॉइडची पट्टी, तिला व्हाउस म्हणतात. तुम्हाला साधी बंदूकसुद्धा दिलेली नाही. शत्रूने मारलेली गोळी पट्टीवर झेलायची आणि त्यालाच परत करायची, त्यातनंच शत्रू मरतात नि त्यातनंच विटा फुटतात. म्हणजे त्याची गोळी हाच तुमचा बॉल. तुम्ही ती चुकवली म्हणजे स्वतःचाच दारूगोळा सोडून दिला, आणि इकडे घड्याळ चालूच.

तुमचा मुलगा पुढे का गेला ह्याचं कारणही हेच. त्याला कोणी शिकवलंच नाही की गोळीला घाबरायचं असतं. परवा माझ्या काउंटरवर दोघं उभे होते, एक सरकारी नोकरीतून रिटायर झालेले काका, पूर्वी पार्लरमध्ये त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं असे, आणि दुसरा बॅटरी बदलायला आलेला कॉलेजचा मुलगा. दोघांना एकच लेव्हल खेळायला दिली. काकांचं बोट बघण्यासारखं होतं, गोळी खाली यायला लागली की बोट आपोआप बाजूला सरकायचं, मग त्यांच्या लक्षात यायचं की अरे झेलायचीय, मग परत आणायचे तोपर्यंत गोळी गेलेली. दर वेळी अर्धा सेकंद पळण्यात आणि अर्धा परत येण्यात. मुलगा सरळ खाली जाऊन उभाच. काकांना मी म्हटलं, एक काम करा, त्या गोळीला गोळी म्हणू नका, मनात बॉल म्हणा. हसले, पण दोन डावांनंतर फरक पडला. तुम्हीही करून बघा, विचित्र वाटेल पण हात ऐकतो.

मिस्टरांच्या खिचडीबद्दल मला जरा बोलायचंय. कारण हे दोन गेम कुठूनही उचलून एकत्र टाकलेले नाहीत, ही आते-मामे भावंडं आहेत आणि त्यांचा आजोबा एकच. १९७६ साली अटारी कंपनीने ब्रेकआउट काढला, खाली पट्टी, वर विटांची भिंत, बॉल मारून भिंत फोडायची. (त्याचा प्रोटोटाइप स्टीव्ह जॉब्सने घेतलेलं काम म्हणून स्टीव्ह वॉझनियाकने रात्री जागून चार दिवसांत उभा केला होता, ॲपल कंपनी सुरू होण्याच्या आसपासची गोष्ट.) तो ब्रेकआउट जपानमध्ये तुफान चालला आणि ताइतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो नावाच्या इंजिनिअरला त्याचं वेड लागलं. त्याला त्याच्या वरचढ काहीतरी करायचं होतं. त्याने भिंतीच्या जागी सैन्य उभं केलं, आणि ही भिंत हलते, खाली सरकते, शिवाय उलटा मारा करते. झाला १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स. जवळजवळ एकट्याने वर्षभर बसून केलाय, हार्डवेअरसुद्धा स्वतः जुळवून. शत्रू आधी विमानं, रणगाडे असे करून बघितले, जमेनात, माणसं ठेवायला कंपनीला नको होती, मग ऑक्टोपस, खेकडा आणि स्क्विडच्या आकाराचे परग्रहवासी आले.

आणि त्याच ताइतोने आठ वर्षांनी, १९८६ मध्ये, मूळच्या पट्टी-विटांच्या गेमला नवे कपडे चढवले, वरून कॅप्सूल पडतात, पट्टी लांब होते, लेझर मिळतं, शेवटी ३३व्या राउंडला डोह नावाचं भलंमोठं दगडी तोंड. तो अर्कनॉइड. पुढे २००५ मध्ये ताइतो स्क्वेअर एनिक्स ह्या जपानी गेम कंपनीकडे गेली आणि २०१७ मध्ये त्यांनी मोबाईलवर ही दोन भावंडं एकमेकांसमोर उभी केली. म्हणजे ब्रेकआउटच्या भिंतीने मारलेली गोळी शेवटी ब्रेकआउटच्याच पट्टीवर येऊन पडली. चाळीस वर्षांनी वर्तुळ पुरं झालं. ह्याला खिचडी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण आमच्या घरी खिचडीसुद्धा डाळ-तांदळाचं प्रमाण बघून करतात.

आता हात. आधी नजर कुठे ठेवायची ते सांगतो कारण बोटापेक्षा ते महत्त्वाचं. नवा माणूस पट्टीकडे बघतो, स्वतःचं बोट बरोबर जातंय ना ते तपासत बसतो. पार्लरमध्ये अर्कनॉइडवर जो तासन् तास टिकायचा तो पट्टीकडे कधीच बघायचा नाही, त्याची नजर स्क्रीनच्या मध्याच्या जरा खाली असायची आणि पट्टी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसायची. आपण स्कूटर चालवताना हँडलकडे बघतो का? इथे तर एका वेळी तीन-चार गोळ्या येतात, त्यात पट्टीकडे बघत बसलात तर संपलंच. नजर वर ठेवा आणि जी गोळी सगळ्यात आधी खाली पोचणार ती निवडा, ती झेलल्या झेलल्या पुढची. सगळ्या झेलायच्या नादाला लागू नका. डाव्या टोकाची एक आणि उजव्या टोकाची एक, दोन्ही एकदम येत असतील तर एक सोडायची, आणि कुठली सोडायची हे गोळी वर असतानाच ठरवायचं. मध्येच मन बदललं की दोन्ही जातात, हे मी स्वतः इतक्या वेळा केलंय की आता माझी बायकोही ओरडते, "एक धरा, एक धरा".

दुसरी गोष्ट कोनाची. मूळ अर्कनॉइडमध्ये बॉल पट्टीच्या मधल्या भागाला लागला तर जास्त उभा वर जायचा आणि काठाला लागला तर आडवा तिरका सुटायचा, सगळी कला त्यातच होती. चांगला खेळाडू मुद्दाम काठाने मारून बॉल भिंतीच्या कडेने वर घालवायचा, मग तो विटांच्या वरच्या बाजूला अडकून आपोआप टणाटणा फोडत बसायचा आणि खेळणारा चहा पिऊन यायचा (अगदी चहा नाही, पण शेंगदाण्याची पुडी नक्की उघडायचा). तुम्ही पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला परत जा, ती जिंकायला खेळू नका, दहा मिनिटं फक्त हेच बघा की पट्टीच्या मधल्या भागाने झेलली तर गोळी कुठे जाते, डाव्या काठाने झेलली तर कुठे. मुलगा हसेल, हसू द्या. कॅरममध्ये पण आपण आधी रिबाउंडचाच अंदाज घेतो, एकट्याने बोर्डावर स्ट्रायकर फिरवत बसतो तसंच हे.

तिसरं, आणि हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. शत्रू हा तुमचा शत्रूही आहे आणि पुरवठादारही. जितके शत्रू जास्त तितक्या गोळ्या जास्त, म्हणजे सुरुवातीला तुमच्याकडे भरपूर माल असतो. शेवटी एखाद-दुसरा उरला की गोळ्या येईनाशा होतात, आपण खाली पट्टी घेऊन बघत राहतो आणि घड्याळ पळत राहतं. म्हणून सुरुवातीच्या गर्दीत घाबरून जाऊ नका, तीच कमाईची वेळ आहे, त्याच वेळी जास्तीत जास्त परतफेड करा आणि जे अवघड कोपऱ्यात बसलेत, विटांच्या आड बसलेत, त्यांच्याकडे काठाने मारून तेव्हाच वाट करा. शेवटाला समोर मोकळ्यात उभा असलेला एखादा उरला तर चालतो, कोपऱ्यातला उरला की पंचाईत. मूळ स्पेस इन्व्हेडर्समध्ये आपण वेगळ्याच हिशेबाने शिकलो होतो, बाजूच्या उभ्या रांगा आधी साफ करायच्या म्हणजे सैन्याला कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि ते हळूहळू खाली उतरतं. तिथे कोणाला मारायचं ते आपण ठरवायचो. इथे गोळी कुठून सुटणार ते तो ठरवतो, आपल्या हातात फक्त परतीचा रस्ता.

मधूनमधून थोड्या वेळापुरता खराखुरा बॉल मिळतो, तेव्हा मात्र निव्वळ अर्कनॉइड समजून खेळायचं, त्यावर वेगळं सांगायला नको, तुमचा हात तिथे चांगलाच असणार. पात्रं निवडायची सोय आहे, ताइतोच्याच इतर जुन्या गेममधली, प्रत्येकाची काही ना काही वेगळी करामत. माझं मत, सारखी बदलू नका. एक घ्या, तिची करामत कधी वापरायची ते अंगात मुरू द्या. पोरं दर डावाला बदलतात आणि मग ऐन वेळी बटण कुठलं ते शोधत बसतात.

बोट की अंगठा. मी बोटवाला आहे. अंगठा त्याच्या मुळाभोवती फिरतो, त्याची वाट कमानीसारखी असते, आणि पट्टीला हवी सरळ आडवी रेघ. मधल्या भागात काही वाटत नाही पण लांबच्या कडेला अंगठा ताणला जातो, तिथे नेमकी पट्टी दोन केस कमी पडते आणि गोळी बाजूने निघून जाते, आपण म्हणतो नशीब. नशीब नाही हो, ते अंगठ्याचं हाड आहे. शिवाय तोच अंगठा स्क्रीनचा खालचा कोपरा झाकतो. मोबाईल टेबलावर ठेवा, खाली घडी केलेला नॅपकिन घालून वरची बाजू दोन बोटं उंच करा, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने खेळा, मनगट टेबलाला टेकवून, हलवायचं ते बोट आणि थोडंसं मनगट, खांद्यापासून हात हलवू नका. बसमध्ये उभं राहून खेळायचं असेल तर मग अंगठाच, पण मग हरलात तर गेमला शिव्या घालू नका.

आता रिपेअरवाला म्हणून चार गोष्टी, ह्यातल्या निम्म्या तरी तुमच्या "मोबाईल नीट ऐकत नाही"वाल्या तक्रारीला लागू पडतील. एक, पोहे-जिलेबी खाऊन लगेच खेळायला बसू नका, पाक आणि शेवेचं तेल बोटाला असलं की बोट घसरायच्या ऐवजी अडखळतं आणि पट्टी झटके देत जाते. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, स्क्रीन कोरड्या सुती कापडाने पुसा. पावसाळ्यात घामाचं बोट हाच मोठा त्रास. एक गिऱ्हाईक त्याच्यावर उपाय म्हणून कॅरमची बोरिक पावडर स्क्रीनवर टाकून खेळत होतं! दोन दिवस मस्त सरकलं म्हणे बोट, तिसऱ्या दिवशी आवाज बंद, स्पीकरच्या जाळीत सगळी पावडर गच्च बसलेली, मी पिनेने आणि ब्रशने अर्धा तास काढत होतो. तर पावडर नको.

दोन, स्क्रीन गार्ड. मी स्वतः माझ्या बायकोच्या मोबाईलला एका दुकानातून जाड काचेचा गार्ड घेतला होता, माझं दुकान बंद होतं म्हणून दुसरीकडून, आणि तो कडांना नीट चिकटलेलाच नव्हता, मध्ये हवा. कडेला बोट नेलं की टच लागायचाच नाही. मी महिनाभर समजत होतो की माझाच हात म्हातारा झाला. गार्ड काढला आणि पट्टी कडेपर्यंत लोण्यासारखी गेली. तुमच्या मोबाईलला कडेला चांदीसारखी हवेची रेघ दिसते का बघा. दिसली तर तो बदला.

तीन, चार्जिंगला लावून खेळू नका, निदान स्वस्तातल्या चार्जरवर तर नाहीच. त्यातनं येणारा करंट स्वच्छ नसतो आणि टच वेडा होतो, बोट न लावता पट्टी स्वतःच इकडेतिकडे उड्या मारते. लोकांना वाटतं गेममध्ये व्हायरस आहे. प्लग काढा, व्हायरस गायब. आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा, तो चालू असला की मोबाईल हात आखडता घेतो, स्क्रीन हळू ताजी होते, आणि असल्या गेममध्ये तेवढा उशीरही जाणवतो.

(चौथी गोष्ट विसरलो लिहिता लिहिता. हां, नोटिफिकेशन. ऐन गर्दीत वरून फॅमिली ग्रुपचं सुप्रभात खाली उतरतं आणि शत्रूची वरची रांग झाकली जाते. डू नॉट डिस्टर्ब लावा.)

मुलाला मूळ गेम दाखवायचे का, तर दाखवाच, आणि स्पेस इन्व्हेडर्स आधी. एका गोष्टीसाठी. त्याला सांगा खेळताना आवाज ऐक. धुम, धुम, धुम, धुम, चार सुरांचा एक ठोका सतत चालू असतो, आणि शत्रू जसजसे मरतात तसतसा तो वाढत जातो, सैन्यही पळायला लागतं, शेवटचा एक उरतो तो तर पिसाटासारखा धावतो. पोरांना वाटतं हे मुद्दाम तसं बनवलंय. मुळात ती मशीनची मर्यादा होती. शत्रू ५५, अकरा अकराच्या पाच रांगा, आणि आतली चिप बिचारी इंटेलची ८०८०. एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरचं चित्र एकदा ताजं होईपर्यंत, तिला एकच शत्रू हलवायला जमायचं. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर ५५ जणांना एक एक पाऊल टाकायला जवळपास एक सेकंद. दहा उरले की तेवढंच पाऊल सेकंदाच्या सहाव्या भागात. एक उरला की दर फ्रेमला तोच हलतो. निशिकादोने ते बघितलं आणि तसंच ठेवलं, कारण खेळणाऱ्याची छाती त्याने धडधडत होती. नंतरच्या गेममध्ये लोकांनी हा वेग मुद्दाम घालायला सुरुवात केली, मुळात तो असा फुकटात मिळालेला.

तुमच्या मुलाला गणित आवडतं म्हणालात म्हणून अजून एक. वरून मधेच जी लाल उडती तबकडी जाते तिचे मार्क वेगवेगळे मिळतात, पन्नास, शंभर, कधी तीनशे, आणि सगळ्यांना वाटायचं लॉटरी आहे. लॉटरी नाही. तुम्ही मारलेल्या गोळ्यांच्या मोजणीवर ते ठरतं. त्या फेरीतल्या तेविसाव्या गोळीला तबकडी पाडली तर तीनशे, आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीला पुन्हा तीनशे. राजवाड्यामागच्या एका पार्लरमध्ये एक शाळकरी मुलगा होता, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत खेळायचा, आम्हाला वाटायचं स्तोत्र म्हणतोय. तो गोळ्या मोजत होता. त्याला नियम कोणी सांगितला देव जाणे. मालकाने त्याला शेवटी बंदी केली, कारण एका रुपयाच्या कॉइनमध्ये तो पाऊण तास मशीन अडवायचा आणि मागे रांग.

आणि हो, जपानमध्ये नागोया नावाने प्रसिद्ध असलेली एक युक्ती आहे, सैन्याला मुद्दाम अगदी शेवटच्या ओळीपर्यंत खाली येऊ द्यायचं. तिथे पोचलेल्या शत्रूची गोळी तुम्हाला लागतच नाही, कारण ती त्याच्या पोटाखालून सुटते आणि तोपर्यंत तुमची तोफ ओलांडलेली असते. मग आरामात एकेक टिपायचा. फक्त अजून एक पाऊल खाली आले की खेळ खलास. ही युक्ती मोबाईलवाल्या मिसळीत चालवायला जाऊ नका, तिथे जवळून सुटलेली गोळी झेलायला वेळच मिळत नाही, अंतर हेच तुमचं भांडवल.

अर्कनॉइड दाखवताना एक अडचण आहे. मोबाईलवर किंवा कीबोर्डवर त्याची मजा निम्मीच येते, कारण मूळ मशीनला जॉयस्टिक नव्हती, गोल घुंडी होती. ती किती जोरात फिरवली त्यावर पट्टी किती पळणार ते ठरायचं. घुंडीच्या खाली बारीक खाचांची एक चकती, तिच्या दोन्ही बाजूंनी सेन्सर, प्रकाश खाचेतनं आला-अडला असं मोजून मशीनला कळायचं किती फिरली. आपल्याकडे धूळ किती तुम्हाला माहितीये, त्यात पार्लरच्या दाराबाहेर रस्ता खोदलेला. चकतीच्या खाचा धुळीने भरल्या की पट्टी मध्येच अडखळल्यासारखी थांबायची आणि लोक मशीनला लाथा घालायचे. माझं अर्धं उत्पन्न त्या धुळीवर चालायचं, रुईचा बोळा आणि स्पिरिट, पंधरा मिनिटांचं काम, पण मी बोर्ड बाहेर काढून गंभीर चेहऱ्याने बघत बसायचो, नाहीतर मालक पैसे द्यायला कुरकुरायचा.

बाकी अर्धं उत्पन्न गॅस लायटरवर. तुमच्या भावाला विचारा, त्याला नक्की माहीत असणार! स्वयंपाकघरातला टकटक करणारा लायटर कॉइन टाकायच्या खाचेजवळ धरून दाबला की त्या ठिणगीच्या झटक्याने आतल्या सर्किटला वाटायचं कॉइन पडलं, आणि क्रेडिट वाढायचं. एका उन्हाळ्यात अख्ख्या मोहल्ल्यातल्या बायका लायटर शोधत होत्या आणि पोरं फुकट खेळत होती. मग मालकाने मला बोलावलं, मी खाचेच्या मागे पत्र्याचं आवरण बसवून त्याला अर्थिंग दिलं, आणि त्या दिवसापासून पोरं मला बघितलं की तोंड फिरवायची.

किती वेळ खेळू द्यावं हे तुम्ही विचारलं नाही तरी लिहितो, एका बैठकीला अर्धा तास पुष्कळ, तुम्हालाही आणि त्यालाही, कारण त्यानंतर नजर वर राहत नाही, आपसूक पट्टीवर उतरते, आणि तिथून पुढे फक्त हरणं आणि चिडणं. वीसच्या पुढे अडकलात ती लेव्हल आज सोडा, उद्या सकाळी हात धुऊन तीन डाव खेळा. गोळी वर दिसली की आधी खाली जाऊन उभं राहायचं, कोनाचं नंतर.

आणि मूळ घुंडीवर खेळायचंच असेल तर माझ्या दुकानाच्या माळ्यावर एक अर्कनॉइडचं मशीन अजून आहे, पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने माझ्या थकलेल्या बिलाच्या बदल्यात दिलेलं. चालतं. पडद्यावर स्कोअरच्या जागी जुने आकडे कायमचे छापले गेलेत, तेवढं सोडलं तर रंग अजून बरे आहेत. मुलाला घेऊन या, रविवार सोडून कधीही, अकरानंतर. फक्त गेल्या वेळी मी चकती साफ केली तेव्हा सेन्सरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या वाटतं, घुंडी डावीकडे फिरवली की पट्टी उजवीकडे जाते. तुम्ही यायच्या आधी करून ठेवतो, नाहीतर मुलाला तसंच खेळू द्या, त्याला फरक पडणार नाही, पंचाईत माझी आणि तुमची.